अनुभव धागा: कोरकू, कोलामी, निहाली नोंदवताना

२०११च्या जनगणनेत कोरकू ७,२७,१३३ जणांची मातृभाषा, कोलामी १,२८,४५१ जणांची. दहा हजारांच्या आतली भाषा तक्त्यात वेगळी छापतच नाहीत, त्यामुळे जळगाव जामोदकडची निहाली तिथं नाही. नोंदीचं काम करणाऱ्यांनी पद्धत लिहावी, बिघडतं काय तेही.

धारणीहून
कोरकू रेकॉर्ड करताना फोन फ्लाइट मोडवर, फाइल वेव्हमध्ये (WAV, यात आवाज दाबला जात नाही). फोन तोंडापासून वीतभर, जरा बाजूला. समोर धरला तर श्वास फटफटतो. पावसात टिनाखाली बसू नका. आधी गाव, तारीख आणि बोलणाऱ्याची संमती त्याच्याच आवाजात. शब्द तीनदा, मग वाक्यात.

खरा घोळ प्रश्नावलीत होतो. मराठीतून विचारलं की एकवचन-अनेकवचन एवढंच हाती लागतं. कोरकूत दोघांसाठी वेगळं रूप आहे, त्यातही ‘तू आणि मी’ वेगळं, ‘तो आणि मी’ वेगळं. वाक्य भाषांतराला देऊ नका. दोघांना सोबत मोळी उचलायला लावा आणि काय करताय ते त्यांनाच सांगू द्या. काही शब्दांच्या शेवटी आवाज घशात अडकतो, तो देवनागरीत उतरत नाही. वही भरली तरी रेकॉर्डिंग पुसू नका. व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणूनच पाठवा, व्हॉइस मेसेजमध्ये आवाज दबतो.

झरी जामणीहून
कोलाम पोडावर (कोलामांच्या वस्तीवर) शब्दांची यादी घेऊन बसलं की लोक कंटाळतात, अन् बरोबरच आहे त्यांचं. मोहफुलं वेचताना, तेंदूपत्त्याचे पुडे बांधताना सोबत राहा. क्रियापदं तिथं सापडतात. आकडे घेताना माणसं अन् बैल वेगळे मोजायला सांगा, दोन ते चारची रूपं बदलतात. पाचाच्या पुढं शेजारच्या भाषांचे आकडे येतात. ते चूक समजून खोडू नका, आले तसे लिहा.

जळगाव जामोदहून
निहालीचं कोणत्याच ज्ञात भाषाकुळाशी नातं सिद्ध झालेलं नाही, म्हणून तिचा प्रत्येक शब्द मोलाचा. पण बोलणाऱ्यांना कोरकू, मराठी, हिंदीही येतात आणि परक्याला उत्तर त्यातच मिळतं. विचारणारा गप्प हवा. दोन निहाली बोलणाऱ्यांना आपसात बोलू द्या. शरीराचे अवयव आधी घ्या, उसने शब्द तिथं कमी.

धारणीहून, पुन्हा
एक राहिलं. मेमरी कार्डाची एक प्रत गावातच ठेवा, पोरांना ऐकता येईल अशा ठिकाणी. शहरातल्या कपाटात गेलेली फाइल गावात परत येत नाही.