बॅकअपचं नाव काढलं की शेठ लोक विषय बदलतात, कसं पटवायचं?

खान्देशी_हार्डवेअर (जळगाव)
नमस्कार मंडळी. माझं जळगावला कॉम्प्युटर रिपेअरिंग आणि एएमसीचं (वर्षभराच्या देखभालीच्या कराराचं) काम आहे. गिऱ्हाइकं म्हणजे एमआयडीसीतल्या दालमिल, चटईवाले, आसपासच्या तालुक्यातली कृषी केंद्रं, थोडे सराफ. सगळ्यांचा कारभार टॅलीवर नाहीतर कुठल्यातरी लोकल बिलिंग सॉफ्टवेअरवर, आणि तो सगळा डेटा एकाच मशीनच्या एकाच हार्डडिस्कमध्ये. बॅकअपचं बोललो की उत्तरं ठरलेली. "आतापर्यंत काही झालं का भो?", "मुनीम घेतो की पेनड्राइव्हवर", "जीएसटी पोर्टलवर सगळं असतंच", आणि सगळ्यात जास्त म्हणजे "दिवाळीनंतर बघू", दिवाळी झाली की "मार्च एंड होऊ दे".

व्हायरसचं सांगून पाहिलं, मे २०१७ मधे वॉनाक्राय नावाचा रॅन्समवेअर (फाईली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस) आला तेव्हा जगभरात हॉस्पिटलपासून कारखान्यांपर्यंत कशी मशीन्स लॉक झाली तेही सांगितलं, पण त्यांना ते लांबचं वाटतं. आणि पेनड्राइव्हचं म्हणाल तर एका दुकानातला उघडून पाहिला, त्यात डेस्कटॉपवरचा टॅलीचा आयकॉन कॉपी केलेला होता, नुसता शॉर्टकट, दोन-एक केबीचा, आत डेटा काहीच नाही. तो पोरगा रोज संध्याकाळी इमानेइतबारे तेच करून राहिला होता आणि मालक निर्धास्त. हे बघून जीवाला लागतं हो, कारण नुकसान झालं की भरून निघत नाही. तुम्ही लोक कसं पटवता?

तापीकाठ (भुसावळ)
भाऊ, व्हायरस, सर्व्हर, क्लाउड हे शब्दच काढू नका. मी मालकाला एकच विचारतो, "शेठ, आज तुमची बाहेर उधारी किती आहे आणि कोणाकोणाकडे, कागद न बघता सांगा." मोठी दहा-बारा नावं सांगतात, मग थांबतात. तिथून पुढे बोलणं आपोआप होतं.

कृषी केंद्राचं तर गणितच बघा ना. मे महिन्यात बागायती कपाशी लागते तेव्हापासून बियाणं, मग खत, मग फवारणीची औषधं, सगळं उधारीवर जातं आणि वसुली कपाशी विकली गेली की, म्हणजे दसरा-दिवाळीपासून पुढे. म्हणजे भाद्रपदात त्या दुकानाचा सगळा पैसा गावोगावच्या शेतकऱ्यांकडे आणि त्याचा हिशोब त्या एका डब्यात. त्याच वेळी डिस्क गेली तर दुकानात माल नाही, गल्ल्यात पैसा नाही आणि कोणाकडे किती आहे तेही नाही. माझ्या ओळखीच्या एका दुकानदाराचं ऐन पोळ्याच्या सुमारास असंच झालं. बिलबुकाच्या कार्बन कॉप्या काढून नवरा-बायको रात्र रात्र बसले, तरी ज्यांनी मधे थोडे थोडे पैसे जमा केले होते त्यांचे जमा काही सापडेनात, आणि शेतकरी म्हणतो मी तर दिले. पैशापेक्षा वर्षानुवर्षांची माणसं दुखावली त्याचं त्यांना जास्त वाईट वाटलं. हे मी नाव न घेता प्रत्येक ठिकाणी सांगतो.

आणि आपल्याकडचा उन्हाळा विसरू नका. पारा ४५ च्या वर जातो, मशीन पत्र्याच्या शेडमधे, पंखा धुळीने चोंदलेला, त्यात लाईटचा खेळ. बऱ्याच हार्डडिस्कना कंपनीनेच कमाल ६० डिग्री लिहिलेली असते, बंद कॅबिनेटमधे तिथपर्यंत जायला कितीसा वेळ लागतो. "काही झालं नाही" म्हणणाऱ्याला कॅबिनेट उघडून दाखवा.

कर_सल्लागार (धुळे)
पोर्टलवर सगळं असतं हा गैरसमज आधी काढा. पोर्टलवर तुमची विक्री जाते, तीही जीएसटी नंबरवाल्या पार्टीची बिलवार. शेतकरी म्हणजे बिगर नंबरचं गिऱ्हाईक, महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात केलेली अशी विक्री जीएसटीआर-१ मधे (विक्रीच्या रिटर्नमधे) टॅक्सच्या दरानुसार एकत्र आकड्यात जाते. कोणाला विकलं हे तिथे नाव घेऊनही सापडणार नाही. जमा-नावे, स्टॉक, बँकेचे ताळे, चेक कोणाचा आला, यातलं काहीच पोर्टलला माहीत नसतं.

दुसरं, बऱ्याच व्यापाऱ्यांना ठाऊकच नसतं की कॉम्प्युटरवर हिशोब ठेवत असाल तर बॅकअप हा कायद्यातच लिहिलाय. सीजीएसटी (केंद्राच्या जीएसटी) नियम ५७ बघा, रेकॉर्डचा नीट इलेक्ट्रॉनिक बॅकअप ठेवायचा आणि अपघाताने किंवा नैसर्गिक कारणाने रेकॉर्ड गेलं तरी वाजवी वेळेत परत उभं करता आलं पाहिजे. प्रोप्रायटरलाही लागू. आणि वह्या सांभाळायच्या त्या वार्षिक रिटर्नच्या ड्यू डेटपासून ७२ महिने, म्हणजे जुन्या मशीनबरोबर जुनी वर्षं भंगारात गेली तरी जबाबदारी राहतेच. प्रायव्हेट लिमिटेड असेल तर ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीनंतर रोजचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर लागतो.

शेठ तुमचं ऐकत नसेल तर त्याच्या सीएशी बोला. नोटीस आल्यावर उत्तर सीएलाच द्यायचं असतं, त्यामुळे त्याला पटवावं लागत नाही, आणि शेठ त्याचं ऐकतो.

जिनिंग_हिशोब (चोपडा)
मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूचा, जिनिंगमधे अकाउंट बघतो, म्हणून थोडं वेगळं सांगतो. तुम्ही लोक येऊन मालकासमोर म्हणता "बॅकअप नाहीये", तेव्हा ते मुनीमाला लागतं, त्याला वाटतं माझी तक्रार झाली, मग तो तुमच्या प्रत्येक गोष्टीत खोट काढतो. आधी त्याच्याजवळ बसा, चहा घ्या, त्याच्याकडून समजून घ्या. सीझनमधे रात्री बारापर्यंत काटापट्ट्या (वजनाच्या पावत्या) टाकाव्या लागतात, कापसाच्या गाड्या गेटपर्यंत लागलेल्या, त्यात बॅकअप कोण आठवणीने घेणार? आपोआप झालं पाहिजे, माणसाच्या भरवशावर नको.

अजून एक, क्लाउडला नाही म्हणणाऱ्या शेठला खर्चाचं वाटत नाही, आपला भाव आणि आपल्या पार्ट्या दुसऱ्याला दिसतील हे वाटतं. ते चुकीचं नाही हो, त्याचा धंदाच त्यावर आहे. त्याला सांगा की डेटाला पासवर्ड लावून, लॉक करूनच वर पाठवू आणि पासवर्ड तुमच्याकडेच राहील. टॅलीत व्हॉल्टची, म्हणजे डेटा पासवर्डने लॉक करायची, सोय आहेच, फक्त तो पासवर्ड विसरला तर कोणीच काढून देऊ शकत नाही, म्हणून कागदावर लिहून घरच्या तिजोरीत. तरी नको म्हणाला तर दोन एक्सटर्नल डिस्क, एक ऑफिसात एक घरी, दर शनिवारी अदलाबदल. पण घरी गेलीच पाहिजे, एकाच कपाटात दोन डिस्क ठेवून आग लागली तर दोन्ही गेल्या.

खान्देशी_हार्डवेअर (जळगाव)
उधारीचा प्रश्न आणि नियम ५७, दोन्ही एकदम कामाचे. मुनीमाचं तर कोणीच बोलत नाही, ते बरं सांगितलं. एक विचारतो, काही जण म्हणतात आम्ही डेटाचं फोल्डर गुगल ड्राइव्हला सिंक करून ठेवलंय, झालं ना काम. त्यांना काय सांगायचं?

तापीकाठ (भुसावळ)
सिंकला बॅकअप समजू नये. इकडे फाईल खराब झाली की तिकडेही तीच खराब फाईल जाते. जुनी कॉपी परत मिळते पण ती साधारण ३० दिवसच, आणि कधी बिघडलं हे दोन महिन्यांनी कळलं तर काय करणार. शिवाय टॅली चालू असताना तेच फोल्डर सिंक होत असेल तर डेटा करप्ट व्हायची भीती. टॅली प्राइममधे ऑल्ट वाय दाबून बॅकअप घ्यायचा आणि ती बॅकअपची फाईल वर पाठवायची. एक्सटर्नल डिस्क पण काम झालं की काढून ठेवायची, लावलेली असली तर रॅन्समवेअर तिलाही लॉक करतो.

आणि गिऱ्हाइकाला पटवायचं असेल तर रिस्टोअर करून दाखवा, दुसरं काही लागत नाही. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबसारख्या, प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या कंपनीचा डेटाबेस चुकून उडाला तेव्हा बॅकअपच्या पाच पद्धती लावलेल्या असून एकही धड चालत नव्हती, ते त्यांनी स्वतःच जाहीर लिहिलं होतं. बॅकअपची फाईल आपल्या लॅपटॉपवर घेऊन मालकासमोर उघडा आणि म्हणा, आता यातनं कालची उधारीची यादी काढा. निघाली तर मालक खुश, नाही निघाली तर तो स्वतःच विचारतो की आता काय करायचं.

खान्देशी_हार्डवेअर (जळगाव)
आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) आधी कृषी केंद्रांपासून सुरुवात करतो, नवी उधारी सुरू व्हायच्या आत. फक्त माझ्या लॅपटॉपवर टॅलीचं लायसन नाही, चालेल का?

जिनिंग_हिशोब (चोपडा)
बघायला चालतं, एज्युकेशनल मोडमधे उघडा, त्याला लायसन लागत नाही. एंट्री ठराविक तारखांनाच करता येते पण रिपोर्ट दिसतो, तेवढंच पाहिजे. व्हर्जन मात्र गिऱ्हाइकाचं आहे तेच किंवा त्याच्या पुढचं ठेवा, जुन्यात नवीन डेटा उघडत नाही. आणि डेमो झाला की लॅपटॉपवरनं त्यांचा डेटा त्यांच्यासमोरच डिलीट करा.