पाहुणे येऊन गेल्यावर मुलं 'छान वाटले' याच्यापुढे काही लिहीत नाहीत, काय करावं?

सत्तरी_तिसरी_चौथी

नमस्कार. गोव्यातली दोन शिक्षकी मराठी प्राथमिक शाळा, तिसरी-चौथी एकत्र, पट १४. दिवाळीनंतर डिचोलीहून एक कुंभारकाका शाळेत येणार आहेत. त्यानंतर आरोग्य केंद्राच्या नर्सबाई. पाहुणे गेले की मुलांकडून 'आज मी काय शिकलो' लिहून घ्यायचं असतं. दर वेळी चौदाच्या चौदा वह्यांत एकच मजकूर येतो: 'आज आमच्या शाळेत पाहुणे आले. त्यांनी छान माहिती दिली. आम्हाला खूप आवडले. धन्यवाद.' रोजच्या वर्गातल्या शिकण्याबद्दल विचारलं तरी 'मला गणित समजले' एवढंच.

प्रश्न तीन. नेमकं काय विचारावं? लगेच लिहून घ्यावं की दुसऱ्या दिवशी? शुद्धलेखनाच्या चुका काढाव्यात का? शिवाय पहिली-दुसरीची ९ मुलं त्याच कार्यक्रमाला बसतात. त्यांचं काय करायचं, तेही सांगा.

फोंडा_वर्गशिक्षक

'कसं वाटलं?' विचारलं की 'छान वाटलं' हेच उत्तर येणार. घरी आलेल्या पाहुण्यांबद्दल मुलांना तेच बोलायला शिकवलेलं असतं. त्यामुळे मुलांचं काही चुकत नाही, प्रश्न बदलायला हवा.

खरं काम पाहुणे येण्याआधी दोन दिवस सुरू होतं. ए-फोर कागदाचे चार तुकडे करा आणि प्रत्येकाला एक चिठ्ठी द्या. वर नाव, खाली एकच वाक्य पुरं करायचं: 'मला वाटतं, मडकं पक्कं होतं कारण...' उत्तर सांगायचं नाही, चूक-बरोबरही म्हणायचं नाही. चिठ्ठ्या गोळा करून डब्यात ठेवा. कार्यक्रम झाल्यावर त्याच चिठ्ठ्या परत द्या आणि मागच्या बाजूला लिहायला सांगा: 'आता मला कळलं की...' ही आधीची चिठ्ठी टाळून नंतर 'आधी तुला काय वाटत होतं?' विचारलं तर मुलं काहीतरी रचून लिहितात. एकदा उत्तर कळलं की आधीचा समज मोठ्यांनाही आठवत नाही.

मागच्या बाजूला आणखी दोनच गोष्टी. 'काकांनी हातांनी काय काय केलं, क्रमाने तीन कामं.' आणि 'विचारायचं राहून गेलं ते.' 'तुला काय आवडलं' हा प्रश्न ठेवूच नका.

फळ्यावर नमुना उत्तर लिहू नये, तेच १४ वेळा उतरून येतं. त्याऐवजी सहा-सात नुसते शब्द लिहा: चिकणमाती, चाक, गोळा, थापी, भट्टी, भाजणे, तडा. शब्द समोर असले की कच्चं लिहिणारं मूलही अडत नाही, आणि वाक्य मात्र त्याचं स्वतःचं राहतं.

वेळेचं म्हणाल तर त्याच दिवशी जोडीने पाच मिनिटं तोंडी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी १५ मिनिटं लेखी. लगेच लिहायला बसवलं की मुलं घडलेलं सगळं ओळीने मांडतात, एक रात्र गेल्यावर मनात ठसलेलं तेवढंच कागदावर येतं.

डिचोलीकर

कुंभाराच्या भेटीत मुलांचा एक समज हमखास निघतो: मडकं उन्हात वाळलं की झालं. तुमच्याकडच्या मुलांच्या चिठ्ठ्यांत 'माका दिसतालें वतांत सुकयली काय पुरो' (मला वाटायचं, उन्हात वाळवली की पुरे) असं कोंकणीत आलं तर तसंच राहू द्या. समज मुलाचा स्वतःचा असल्याची ती खूण आहे. हा समज नुसतं सांगून जात नाही, दाखवावं लागतं.

काकांकडून न भाजलेल्या मातीचा अंगठ्याएवढा तुकडा आधीच मागून घ्या आणि सावलीत चार-पाच दिवस पूर्ण वाळू द्या. दुसरीकडे फुटक्या मडक्याची तेवढीच खापरी. दोन काचेच्या पेल्यांत पाणी घेऊन दोन्ही एकदमच सोडा. वाळलेल्या तुकड्यातून बुडबुडे निघतात, कडा पापुद्रे सुटावेत तशा गळू लागतात आणि थोड्या वेळात तळाशी चिखल होतो. खापरी तशीच राहते. तुकडा आतून ओलसर राहिला असेल तर तो चटकन विरघळत नाही आणि प्रयोग फसतो. ओली माती लवकर विरघळेल असं वाटतं, पण होतं उलटं. पाऊस रेंगाळला असेल तर वाळायला आठवडाही लागतो, तेवढे दिवस हाताशी ठेवा.

कारण असं: वाळताना मातीच्या कणांमधलं पाणी उडतं आणि ते पुन्हा आत शिरू शकतं. भट्टीत साधारण ५०० ते ६०० अंश सेल्सियसच्या पुढे कणांच्या रचनेतलंच पाणी निघून जातं, मग ती पुन्हा चिखल होत नाही. चौथीला एवढं पुरे: 'वाळलेली माती परत माती होते, भाजलेली होत नाही.'

मूल हे बघतं तेव्हा चिठ्ठीच्या मागच्या बाजूला लिहायला त्याच्याकडे काहीतरी असतं. नुसत्या भाषणातून तेवढं हाती लागत नाही.

वेळ ठरवताना: एकूण ३५ मिनिटं. दहा मिनिटं काकांचं काम बघणं, पंधरा मिनिटं प्रश्न, दहा मिनिटं मुलांचे हात मातीत. मोठ्या लिंबाएवढा गोळा एकेकाला दिला तर तुमच्या १४ जणांना दोन किलो माती पुरते, धाकट्यांनाही द्यायची असेल तर तीन किलो मागवा. खाली वर्तमानपत्र पसरू नका, ओलं होऊन मातीत मिसळतं. जुनं गोणपाट घाला. दिवाळीनंतरची वेळ उत्तम निवडली आहे. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या आधी चित्रशाळांत (गणपतीच्या मूर्ती घडवतात तिथे) माणसं कामात बुडालेली असतात, कुणालाही बोलावू नये.

पेडणे_पालक

पालक-शिक्षक संघाच्या बाजूने दोन ओळी. शाल, श्रीफळ, स्वागतगीत, मनोगत, आभार यांत अर्धा तास जातो आणि पाहुण्यांना दहा मिनिटं उरतात. सत्कार करायचाच तर शेवटी, दोन मिनिटांत. मुलांच्या चिठ्ठ्यांचे फोटो नावासकट ग्रुपवर टाकू नका. चेहऱ्यांचे फोटो टाकायचे असतील तर पालकांची लेखी संमती वर्षाच्या सुरुवातीलाच घेऊन ठेवा.

बार्देश_बाई

फोंड्याच्या सरांशी एका बाबतीत सहमत नाही. लेखी काम दुसऱ्या दिवशी ठेवलं की पहिली-दुसरी हातातून जाते. त्यांचं त्याच दिवशी घ्यावं, पण लिहून नाही. कागद आडवा धरून तीन घड्या घाला, चार घरं होतात. घरात एक-एक चित्र: आधी, मग, त्यानंतर, शेवटी. नंतर चौथीतलं एक मूल पहिलीतल्या एकाजवळ बसवा. चौथीतल्याने चित्राखाली धाकटा सांगेल ते शब्द जसेच्या तसे लिहायचे, कोंकणीत सांगितलं तर कोंकणीत. त्याचं 'शहाणं मराठी' करायचं नाही ही ताकीद द्या, नाहीतर ताई-दादा स्वतःचंच लिहितात. ९ धाकटे आणि त्यांच्यासाठी चौथीतले ९ नसतील तर तिसरीतले घ्या, किंवा एकाने दोघांचं लिहावं.

चित्रात काय नाही तेही बघा. चाक आणि मडकं सगळ्यांच्या चित्रांत असतं. भट्टी बहुतेकांच्या चित्रात नसते, कारण ती शाळेत येत नाही. काकांना फोनवर भट्टीचे दोन-तीन फोटो आणायला सांगा.

सत्तरी_तिसरी_चौथी

चिठ्ठीची कल्पना लगेच करून बघण्यासारखी आहे. रोजच्या वर्गाचं आणि शुद्धलेखनाचं राहिलं. लाल-पिवळी-हिरवी कार्डं वापरून झाली, सगळे हिरवंच धरतात.

फोंडा_वर्गशिक्षक

कार्ड धरताना मूल आधी शेजाऱ्याकडे बघतं. त्यामुळे कार्डं बंद करा. दाराशी तीन डबे ठेवा: 'दुसऱ्याला शिकवू शकतो', 'जमलं पण खात्री नाही', 'अडलो'. बाहेर जाताना मूल नाव लिहिलेली चिठ्ठी एका डब्यात टाकतं. मात्र चिठ्ठीवर एक उदाहरण सोडवलेलं हवंच. मुलाला वाटणं आणि त्याला येणं या दोन गोष्टी वेगळ्या तपासायच्या असतात.

हातच्याच्या वजाबाकीचं उदाहरण घ्या: ४०२ − १६८. उत्तर २३४. पहिल्या डब्यात ३६६ सापडलं तर मुलाने प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा केलंय, त्याला हातचा मुळात कळलेला नाही. २४४ सापडलं तर त्याने शतक सुटं केलं, पण दशकाने पुढे एककाला एक दिला हे तो विसरला. दोघांना एकच गणित पुन्हा घालून उपयोग नाही. पहिल्याला काड्यांचे गठ्ठे द्या, दुसऱ्याला शून्याच्या डोक्यावर आधी १० आणि मग ९ लिहायची सवय लावा. चिठ्ठीवर वाक्य एकच: 'शून्याकडून कसं घेतलं ते सांग.'

हे आठवड्याच्या शेवटी ठेवू नका, सोमवारचं शुक्रवारी आठवत नाही. आठवड्यातून दोनदा, धडा संपता संपता, सात-आठ मिनिटं. दुसऱ्या दिवशी तास सुरू करताना 'काल चौघांच्या चिठ्ठीत हे अडलेलं दिसलं, म्हणून आज पुन्हा घेऊ' असं नाव न घेता सांगा. चिठ्ठ्या कपाटात जातात असं मुलांना कळलं की दोन आठवड्यांत परत 'मला समजले' सुरू.

शुद्धलेखन: चिठ्ठीवर लाल पेन अजिबात नको. ऱ्हस्व-दीर्घाला गोल पडला की पुढच्या वेळी मूल येणारेच चार शब्द लिहितं. तुम्ही फक्त एक प्रश्न लिहून परत द्या, उदाहरणार्थ 'तडा का गेला असेल?' चुकलेले चार-पाच शब्द वेगळे काढून दोन दिवसांनी श्रुतलेखनात घ्या. काकांना जाणारं आभाराचं पत्र मात्र दुरेघी वहीत कच्चं लिहून, दुरुस्त करून, मग कोऱ्या कागदावर. ते बाहेर जाणार आहे, हे मुलांनाही पटतं. पत्रात प्रत्येकाने काकांच्या एका कामाचा उल्लेख करायचा, 'छान माहिती' हे शब्द त्यात नकोत.

'विचारायचं राहून गेलं' यातले तीन-चार प्रश्न काकांना फोनवर पाठवा. त्यांनी दोन मिनिटांचा आवाज रेकॉर्ड करून पाठवला तर वर्गात ऐकवा.

बार्देश_बाई

नर्सबाईंसाठी: नुसतं 'हात धुवा' ऐकून मुलं काही लिहिणार नाहीत. चमचाभर खोबरेल तेलात पाव चमचा हळद कालवून तळहातांना चोळा. निम्म्यांनी साबणाने ५ सेकंद धुवायचं, निम्म्यांनी २०. मग हाताची बाह्यरेषा छापलेल्या कागदावर, पिवळं कुठे राहिलं तिथे रंगवायचं. बहुधा नखांच्या कडा आणि अंगठ्याचं मूळ. नोंद तिथेच तयार होते. गणवेशाला हळद लागते, बाह्या दुमडून घ्या.

डिचोलीकर

एक सांगायचं राहिलं. माती लागलेले हात बेसिनखाली धुवू देऊ नका, पाइप तुंबतो. दोन बादल्या ठेवा, पहिलीत खळबळून दुसरीत धुवायचे. पहिली बादली रात्रभर तशीच ठेवा. वरचं पाणी झाडांना घाला आणि तळाची माती गोणपाटावर काढून घ्या, पुढच्या वर्गाला वापरता येते.