मोडलनंतर 'टू' कधी, 'आयएनजी' कधी, अन् प्रिपोझिशन कोण ठरवतं?

अमळनेर_अभ्यासिका:
नमस्कार मंडळी, तलाठी भरतीची तयारी चालू आहे, २०२३ च्या पेपरला १०० पैकी २५ प्रश्न इंग्रजीचे होते अन् एकेक प्रश्न २ मार्कांचा, म्हणजे हा विषय सोडून चालतच नाही. कॅन, शुड, मस्ट या मोडलनंतर मूळ क्रियापद येतं हे शाळेपासून पाठ आहे. पण टेस्ट सिरीजमध्ये 'द पेशंट मस्ट बी लुक्ड आफ्टर' हे वाक्य बरोबर दिलंय, शेवटी 'आफ्टर' हे प्रिपोझिशन (शब्दयोगी अव्यय) नुसतंच लटकलेलं, पुढे काहीच नाही. दुसरीकडे 'शी यूज्ड टू लिव्ह इन धुळे' पण बरोबर अन् 'शी इज यूज्ड टू लिव्हिंग इन धुळे' पण बरोबर. मग प्रिपोझिशन मोडल ठरवतं की क्रियापद? कोणी नीट समजावून सांगेल का, अभ्यासिकेत सगळ्यांचंच इथे अडतंय.

धुळे_इंग्रजी_मॅडम:
दादा, प्रश्न एकदम मुद्द्याचा विचारलास. प्रिपोझिशन कायम मुख्य क्रियापदाचं असतं, मोडलचा त्याच्याशी काही संबंध नाही. 'वेट'ला 'फॉर' लागतं ना, मग 'ही वेट्स फॉर द बस', 'ही मे वेट फॉर द बस', 'ही मस्ट हॅव बीन वेटिंग फॉर द बस', मोडल बदल नाहीतर काळ बदल, 'फॉर' हलत नाही, नवरीसोबत करवली असते तसं. अन् ज्या क्रियापदाला प्रिपोझिशन लागतच नाही त्याला मोडल आलं म्हणूनही ते चिकटवायचं नाही. 'वी शुड डिस्कस अबाउट धिस' चूक, 'वी शुड डिस्कस धिस' बरोबर.

आता तुझा पेशंट. मूळ वाक्य आहे 'वी मस्ट लुक आफ्टर द पेशंट'. पॅसिव्ह करताना पेशंट उचलून वाक्याच्या सुरुवातीला नेला, पण 'आफ्टर' 'लुक'चं आहे म्हणून ते तिथेच राहिलं. काढून बघ, 'द पेशंट मस्ट बी लुक्ड' याला काही अर्थच उरत नाही. 'धिस प्रॉब्लेम शुड बी डेल्ट विथ टुडे' तसंच. पेपरात हमखास हे शेवटचं प्रिपोझिशन खाऊन टाकतात अन् चूक ओळखा म्हणतात, आपल्या पोरांना ते लटकलेलं बघूनच चुकल्यासारखं वाटतं, म्हणून वर्गात मी यावरच सगळ्यात जास्त वेळ घालवते.

भुसावळचा_भाऊ:
मॅडमनी आफ्टरचं मस्त सांगितलं, मी 'टू'चं सांगतो. 'टू' दोन जातीचा आहे. एक क्रियापदाच्या आधी येणारा, दुसरा खरं प्रिपोझिशन. ओळखायचं कसं तर 'टू'नंतर नाम टाकून बघायचं. 'पीपल इन भुसावळ आर यूज्ड टू द हीट', बसलं ना, मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो इथे, सवय आहेच लोकांना. नाम बसलं म्हणजे तो प्रिपोझिशन, त्याच्यानंतर क्रियापद आलं तर आयएनजी लागणार, 'यूज्ड टू लिव्हिंग'. आता 'शी यूज्ड टू द हीट' म्हणून बघ, नाही बसत. म्हणजे तिथे साधं 'लिव्ह'. अर्थही वेगळा आहे भो, 'इज यूज्ड टू लिव्हिंग'मध्ये सवय आहे, 'यूज्ड टू लिव्ह'मध्ये आधी राहायची, आता नाही. 'ऑट टू' अन् 'हॅव टू'पण असेच तपास, नाम बसत नाही म्हणून 'ऑट टू गो'. 'लुक फॉरवर्ड टू', 'ऑब्जेक्ट टू', 'विथ अ व्ह्यू टू' या तिघांनंतर क्रियापद आलं तर मात्र आयएनजीच, आधी 'विल' असो की 'वुड'.

अमळनेर_अभ्यासिका:
समजनं भाऊ! मॅडम, एकच डाउट राहिला. 'यू शुड लुक आफ्टर इट' चालतं, मग 'यू शुड कॉल ऑफ इट' का नाही चालत?

धुळे_इंग्रजी_मॅडम:
कारण 'कॉल ऑफ'मधला 'ऑफ' प्रिपोझिशन नाही, तो क्रियापदाचाच तुकडा आहे, ग्रामरमध्ये त्याला पार्टिकल म्हणतात. पार्टिकल असला की इट, हिम, देम मधे घालावं लागतं, 'कॉल इट ऑफ', 'पुट इट ऑफ', 'टर्न इट डाउन'. नाम असेल तर दोन्हीकडे चालतं, 'कॉल ऑफ द मीटिंग' किंवा 'कॉल द मीटिंग ऑफ'. 'आफ्टर' खरं प्रिपोझिशन आहे म्हणून 'इट' त्याच्यानंतरच. अन् 'पुट अप विथ'मध्ये दोन्ही आहेत, 'अप' पार्टिकल अन् 'विथ' प्रिपोझिशन, तिथे 'इट' एकदम शेवटी, 'आय कान्ट पुट अप विथ इट'.

पारोळा_एमपीएससी:
यात एक जोडतो, प्रिपोझिशननंतर मोडल कधीच येत नाही. आयएनजी लावायचं तर 'कॅन'ला आयएनजी रूपच नाही, म्हणून 'विदाउट बीइंग एबल टू' म्हणायचं. दोन मोडल पण शेजारी बसत नाहीत, 'विल कॅन' नाही, 'विल बी एबल टू'. 'विल मस्ट' नाही, 'विल हॅव टू'. आपल्याकडे 'कॅन एबल टू' सर्रास बोलतात, त्यात 'बी' नाही अन् एकच अर्थ दोनदा आलाय, पर्यायात दिसलं की लगेच उडवायचं.

अन् नकारात लय फरक पडतो. 'यू मस्ट नॉट गो' म्हणजे जायचंच नाही, मनाई आहे. 'यू डोन्ट हॅव टू गो' म्हणजे गरज नाही, गेला तरी चालेल. 'नीड' दोन्ही तऱ्हेने चालतं, 'ही नीड नॉट गो' मोडलसारखं अन् 'ही डज नॉट नीड टू गो' साध्या क्रियापदासारखं, पण 'ही नीड नॉट टू गो' ही खिचडी चूक.