मसाई वस्तीवर महिनाभर स्वयंसेवक म्हणून राहायचंय, तयारी काय करू?

निशिगंध: जुलैत केनियात नारोकजवळ मसाई या गुरं पाळणाऱ्या जमातीच्या वस्तीवरच्या शाळेत शिकवायला जातेय, पहिल्यांदाच देशाबाहेर आणि तेही एकटी. लसी, कपडे, खाणं सगळंच सांगा. मी शाकाहारी आहे. मुलांसाठी चॉकलेटं नेऊ का?

रानवाट: मी दोनदा राहून आलोय. आधी यलो फीव्हरची लस घे, सरकारमान्य केंद्रातच आणि निघायच्या किमान 10 दिवस आधी, कारण ते कार्ड नसेल तर परत येताना आपल्याच विमानतळावर क्वारंटाइन करतात. मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचार. संस्थेला परवान्याचं स्पष्ट विचार, टुरिस्ट म्हणून जाऊन शाळेत काम करता येत नाही, बिनपगारी असलं तरी. स्वेटर हवाच, नारोक महाबळेश्वरपेक्षा उंचावर आहे आणि जुलैत रात्री चांगलाच गारठा पडतो. चिवडा वगैरे डब्यात ने, प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर तिथे 2017 पासून बंदी आहे.

खाण्याची काळजी नको. उगाली म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, सोबत सुकुमा नावाची पालेभाजी, चहा भरपूर दूध-साखरेचा, आणि चपातीला तिथेही चपातीच म्हणतात. पाहुण्यासाठी बकरं कापायचा बेत होऊ शकतो म्हणून मांस खात नाही हे पहिल्याच दिवशी सांग. दूध मात्र नाकारू नकोस, गुरं म्हणजे त्यांचं सर्वस्व. ते वाळवून पोकळ केलेल्या भोपळ्यात ठेवतात आणि भोपळा आतून जळत्या लाकडाने धुरावतात, त्यामुळे धुरकट लागतं. मला तर आवडायला लागलं.

माळरान: निशिगंध, लांब स्कर्ट ने गं, वस्तीवर बरं पडतं. फोटो विचारल्याशिवाय काढू नकोस. चॉकलेटं नको, वह्या न्यायच्या तर मुख्याध्यापकांच्या हातात दे, नाहीतर पुढच्या पाहुण्यापुढे पोरं हात पसरतात आणि ते बघवत नाही. शाळा सुटली की बायकांमध्ये जाऊन बस. काड्या, माती आणि शेणाची ती घरं बायकाच बांधतात, लिंपतात, मी लिंपायला हात लावला तेव्हा भाषा येत नसूनही सगळ्या बोलायला लागल्या.

माआ भाषेतले थोडे शब्द पाठ कर. भेटल्यावर कुणी 'सोपा' म्हटलं की उत्तर 'एपा'. आभार मानायला 'आशे ओलेंग'. लहान मुलं समोर येऊन मान खाली घालतील, गोंधळू नकोस, डोक्यावर तळवा टेकव, तोच त्यांचा नमस्कार.

निशिगंध: धन्यवाद दोघांना! लसीची चौकशी उद्याच करते. माळरान ताई, बायकांशी बोलायला स्वाहिली चालते का की माआच लागते?

माळरान: तरुण मुलींना बहुतेक येते, आज्यांना माआच.