देखणे नसलेले फळ आणि सहकार
ताज्या फळाला रूपावरच भाव मिळत असल्याने डोंगरातील छोट्या सहकारी संस्थेचा निभाव लागत नाही, हे मत मला पटत नाही, कारण जपानमधील कोची प्रांतातल्या उमाजी गावाचा अनुभव नेमका उलट आहे. जवळजवळ सर्व क्षेत्र जंगलाचे असलेल्या या गावात लाकूडव्यवसाय ओसरत गेला, तेव्हा युझू या आंबट, अतिशय सुगंधी लिंबूवर्गीय फळाने आधार दिला. फळे ओबडधोबड, म्हणून तेथील शेतकरी सहकारी संस्थेने त्यांचा रस काढून पोंझू हे सोया सॉसमिश्रित तोंडीलावणे आणि १९८८ पासून मध घातलेले पेय विकायला घेतले, तेही टपालाने थेट ग्राहकांना. बियांपासून सौंदर्यप्रसाधनेही तयार होतात. प्रक्रिया संस्थेच्याच हाती असणे, हेच मला सर्वांत मोलाचे वाटते.