‘वेगळं लग्न म्हणता, मग हातमोजे कशाला?’ याला माझं उत्तर

रानजाई:
दोन दिवस गप्प बसले, आता राहवत नाही. लग्नात नवरीनं हातमोजे घालण्याबद्दल सरळरेष यांनी इथे लिहिलं होतं, ‘साध्या, वेगळ्या लग्नाच्या गप्पा मारायच्या आणि हातात हातमोजे चढवायचे, हे ढोंग आहे. काम न करणाऱ्या हातांची ती जाहिरात आहे.’

माझं लग्न नोंदणी पद्धतीनं झालं. आम्ही मिळून अकरा माणसं. काळी पँट, काळं जाकीट आणि मनगटाच्या वर चार बोटं येतील एवढे हस्तिदंती रंगाचे हातमोजे. दागिना नाही, फूल नाही. त्या खोलीत नवरी कोण हे सांगणारी तेवढी एकच वस्तू होती आणि ती मी स्वतः निवडली होती. यात ढोंग कुठलं? नवरीनं काय घालावं हे आधी घरचे सांगायचे, आता वेगळेपणाचे ठेकेदार सांगणार का?

सरळरेष:
ठेकेदार म्हणा, चालेल. पण ही वस्तू आली कुठून तेही बघा. १९ व्या शतकात युरोपातल्या वरच्या वर्गातली बाई हातमोज्यांशिवाय चारचौघांत जात नसे. पांढरा हातमोजा कामाला हात लावला की मळतो. तो दिवसभर पांढरा राहतो, कारण कामं दुसरं कुणी करत असतं. १८४० मध्ये व्हिक्टोरिया राणीनं लग्नात पांढरा पोशाख केला, मग ऐपतवाल्या घरांनी तो उचलला. हातमोजे त्याच माळेतले. ज्या काळात ते न घालणं हेच बंड ठरलं असतं, त्या काळातली सक्ती तुम्ही आज स्वातंत्र्य म्हणून घालताय.

अर्धविराम:
सक्ती होती तेव्हा होती. १९६० च्या दशकात हातमोजे रोजच्या वापरातून गेलेच. हॉलिवूडची नटी ऑड्री हेपबर्न, तिचं दुसरं लग्न आठवा, जानेवारी १९६९, स्वित्झर्लंड. आखूड गुलाबी झगा, डोक्याला त्याच रंगाचा रुमाल, हातात हातमोजे. तिला नवरी म्हणून कुणी बसवलेलं वाटत नाही, ती स्वतःहून आलेली वाटते. नियम मेला की वस्तू मोकळी होते.

जुनी_फणी:
तुमचा इतिहास राहू दे बाजूला. अंगठीचं काय? माझ्या मावसबहिणीनं कोपराच्या वर जाणारे सॅटिनचे घातले होते. अंगठीची वेळ आली आणि डावा निघेना. घामानं आतून चिकटला होता. तिनं ओढला, मग नवऱ्यानं ओढला, शेवटी मी बोटं एकेक करून सोडवली. सगळे बघत होते आणि तिच्या डोळ्यांत पाणी. ते आठवलं की या फॅशनचा मला राग येतो.

उरेब_कापड:
फणीताई, राग शिवणाऱ्यावर काढा, हातमोज्यावर नको. मी तीस वर्षं शिवतेय. लांब हातमोज्याला मनगटाच्या आतल्या बाजूला उभी चीर आणि तीन बारीक बटणं ठेवायची असतात. बटणं सोडली की हाताचा पंजा चिरीतून बाहेर येतो, मोकळा भाग मनगटाशी आत दुमडायचा, बाहीचा भाग दंडावर तसाच राहतो. दुसरा उपाय आणखी जुना आहे. अनामिकेची शिवण उसवून ठेवायची, वेळ आली की तेवढं एक बोट बाहेर.

आणि ‘फ्री साइज’ नावाचा जो प्रकार निघालाय ना, त्यानं हे सगळं बुडवलं. पायमोज्यासारखं ताणणारं कापड, दोन तुकडे जोडले की झाला हातमोजा. बोटांच्या मधे चिंचोळ्या पट्ट्या नाहीत, अंगठा वेगळा बसवलेला नाही. मूठ वळली की तळव्यात चुण्या. फ्रान्समधल्या ग्रनोबलचे हातमोजे बनवणारे झेव्हिए जूव्हँ, त्यांनी १८३४ मध्ये हातांच्या मापांची पद्धत बसवली. त्याला जवळजवळ दोनशे वर्षं होत आली आणि आपण परत मापच नको म्हणतोय!

अर्धविराम:
ताणणाऱ्या कापडात वाईट काय? सगळ्यांना कुठे शिवून घेणं जमतं?

उरेब_कापड:
वाईट हे की हात गुदमरतो. न ताणणारं सॅटिन उरेब, म्हणजे तिरकं, कापलं तर तेही हाताबरोबर वळतं, पण उरेबीला कापड जास्त लागतं, म्हणून कापत नाहीत. आणि ते ‘सोळा बटणी’ हातमोज्यांचं प्रकरण. माझ्याकडे एक मुलगी आली, सोळा बटणं का नाहीत म्हणून भांडायला. ते लांबीचं माप आहे! अंगठ्याच्या बुडापासून जुन्या फ्रेंच इंचांत मोजतात, एक इंच साधारण २७ मिलिमीटरचा. बटणं तीनच असतात. विकणाऱ्यांनाच ठाऊक नसेल तर गिऱ्हाइकाला कोण सांगणार?

सरळरेष:
बटणं मोजत बसा तुम्ही. माझा मुद्दा स्पर्शाचा आहे. आयुष्याचा हात हातात घेताना मधे कापड? ज्याला लपवायचंय त्यानंच हात झाकावेत.

रानजाई:
हे वाक्य मागे घ्या. हात झाकले की काहीतरी लपवलंय, हा आरोप बायकांवरच का? पुरुषाच्या बंद गळ्याच्या कोटाला कुणी विचारत नाही आत काय दडवलंय म्हणून.

पाणकणीस:
मी लिहिणार नव्हते. माझ्या दोन्ही हातांवर कोड आहे. माझ्या लग्नात हातमोजे माझ्या आत्यानं आणले. ‘फोटोत बरं दिसेल,’ म्हणाली. कपडे मी ठरवले, जागा मी ठरवली, पत्रिका छापली नाही, सगळं आमच्या मनासारखं. फक्त हातमोजे तेवढे मनासारखे नव्हते. मी ते घातले. फोटोंमधे माझे हात कुठेच नाहीत, आज सहा वर्षांनी ते बघवत नाही. रानजाई, तुम्ही निवडलेत हे छानच. पण ‘निवड’ हा शब्द तुम्ही इतक्या सहज वापरता, तो माझ्या वाट्याला आला नव्हता. आणि सरळरेष, मला लपवायचं नव्हतं. मला लपवलं गेलं. दोन्हींत फरक आहे.

रानजाई:
पाणकणीस, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी फक्त माझ्यापुरतं लिहिलं. कुणीही घालावेत या मतावर मी ठाम आहे, पण कुणी आणून दिलेत हे आधी विचारायला हवं, हे मान्य.

सरळरेष:
पाणकणीस, तुमची माफी मागतो, ते वाक्य मागे घेतो. बाकी माझं मत तेच. रानजाईंचे मनगटापर्यंतचे होते, त्याला माझी हरकत कमी आहे. कोपराच्या वर जाणाऱ्यांना आहे.

रानजाई:
म्हणजे हरकत सेंटिमीटरवर आली. आणि तुम्ही स्पर्शाचं म्हणालात म्हणून सांगते. सही करताना सॅटिनवरून पेन घसरायला लागलं, म्हणून मी उजवा काढून टेबलावर ठेवला. नंतर घालायचं राहूनच गेलं. घरी जाईपर्यंत एक हात झाकलेला, एक त्याच्या हातात.

जुनी_फणी:
उरेबताई, ती मनगटाची चीर तयार हातमोज्याला नंतर पाडता येते का? धाकटी बहीण ऐकत नाहीये, तिला लांबच हवेत.

उरेब_कापड:
सॅटिनला पाडू नका, धागे सुटतात. आतून अस्तराची पट्टी लावूनच चीर घ्यावी लागते. त्यापेक्षा नवे शिवा. तळव्याचा घेर सांगा, बोटांच्या मुळाशी जिथे हात सगळ्यांत रुंद असतो तिथला, अंगठा सोडून, टेप न आवळता. दोन्ही हातांचा घ्या, उजवा बहुतेक वेळा थोडा मोठा निघतो. आणि मोजायच्या आधी तिला एकदा विचारा, अंगठी कुठल्या हातात घालणार आहे.