मदत हवी आहे: जुना बेंच मीटर (टेबलावर ठेवायचा मल्टिमीटर), एचपी ३४७८ए घ्यावा की फ्ल्यूक ८८४०ए?

नमस्कार मंडळी,

हातातल्या साध्या मीटरवर आजवर निभावलं, पण सध्या २.५ व्होल्टचा रेफरन्स (स्थिर, अचूक व्होल्टेज देणारा भाग) आणि ०.०५ ओह्मचा शंट (करंट मोजायला लावतात तो अगदी लहान रेझिस्टर) मोजायचाय आणि तिथे त्याने हात टेकले. नुसते दोन प्रोब एकमेकांना लावले तरी ०.२ ओह्म दाखवतो, तिथे शंटचं काय घेऊन बसलात! म्हणजे चार तारांनी (प्रोबच्या तारांचा स्वतःचा रोध वगळून) ओह्म मोजणारा, साडेपाच अंकी (पाच पूर्ण अंक आणि पुढे एक मर्यादित अंक दाखवणारा) मीटर हवा. नवा परवडत नाही, एचपीचा ३४४०१ए जुनासुद्धा खिशाबाहेर जातोय.

उरले दोन, आणि दोन्ही १९८० च्या दशकातले.

मन ३४७८ए कडे ओढतंय. त्याची रेंज ३ व्होल्टची, त्यामुळे माझा २.५ व्होल्ट १० मायक्रोव्होल्टपर्यंत दिसेल. ८८४०ए मध्ये तोच २० व्होल्टच्या रेंजवर जातो आणि शेवटचा अंक १०० मायक्रोव्होल्टचा होतो. ओह्मचंही तेच: ३४७८ए ची सर्वात खालची रेंज ३० ओह्म, ८८४०ए ची २००.

घोडं अडलंय ते बॅटरीपाशी. ३४७८ए चं कॅलिब्रेशन (मोजमाप अचूक ठेवणारे आकडे) रॅममध्ये असतं आणि ती रॅम बोर्डावर सोल्डर केलेल्या ३ व्होल्टच्या लिथियम बॅटरीवर जगते. बॅटरी मेली की कॅलिब्रेशन गेलं. विकणारा एवढंच सांगतो, "चालू होतो." पंखाही चालू होतो हो!

घेण्याआधी नेमकं काय तपासू? आणि बॅटरी मला घरी बदलता येईल का?

---

प्रतिसाद:

मीटर सुरू होताना कॅलिब्रेशनची तक्रार करतो का, त्याचा व्हिडिओ मागवा. नंतर झाकण उघडून बॅटरीचा व्होल्टेज बघा. ३ च्या आसपास असेल तर घाई नाही. बदलायच्या आधी जीपीआयबीवरून (मीटर संगणकाला जोडायचा पोर्ट) कॅलिब्रेशनचा डेटा उतरवून ठेवा. मग नवी बॅटरी डायोडमधून (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) समांतर जोडा आणि त्यानंतरच जुनी काढा. मी असंच केलं. हात थरथरत होते, पण एक अंक हलला नाही.

८८४०ए घ्यायचा झालाच तर एसीचं ऑप्शन ०९ बसवलंय का ते विचारा. नसेल तर एसी मोजताच येत नाही.

आणि शंटसाठी ओह्मच्या रेंजवर अडून बसू नका. सप्लायमधून १ अँपिअर सोडा आणि शंटवरचे मिलिव्होल्ट वाचा. ५० यायला हवेत. हे काम दोन्ही मीटर सारखंच करतील. फक्त शंट गरम व्हायच्या आत वाचा.